विश्लेषण : लॉनमधले मातीचे ढीग कोणाचे? ‘मोल’वरचे उपाय घुशीला का लागू पडत नाहीत?

सकाळी दार उघडावे तर हिरवळीवर मातीचे ताजे ढीग. चालताना पाय खचतो, कडेचे पेव्हर ब्लॉक खाली बसतात आणि भिंतीलगत भोके दिसू लागतात. दौंड आणि शिरूर तालुक्यांत उसाची शेते, कालवे आणि नवी घरे एकमेकांना खेटून आहेत. त्यामुळे बंगल्यांच्या अंगणांत, गृहसंस्थांच्या बागांत आणि मंगल कार्यालयांच्या लॉन्सवर असे ढीग दिसणे नवे नाही. उपाय शोधायला मोबाइल उघडला की मात्र ‘मोल’ नावाच्या प्राण्याचे परदेशी व्हिडीओ समोर येतात. हा प्राणी महाराष्ट्रात नाहीच. चुकीच्या प्राण्यावरचा उपाय केला तर पैसे वाया जातात, आणि उपाय विषारी असेल तर घरातल्या मुलांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आधी हे ढीग कोणाचे आणि मग करायचे काय, याचा हा आढावा.

‘मोल’ म्हणजे काय? तो आपल्याकडे आढळतो का?

मोल हा जमिनीखाली राहणारा, मखमली केसांचा, जवळपास आंधळा असा छोटा सस्तन प्राणी. फावड्यासारख्या रुंद पुढच्या पंजांनी तो बोगदे खणतो. युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाच्या काही भागांत त्याच्या जाती आहेत. भारतात त्यांचा वावर हिमालयाच्या पट्ट्यापुरता आणि ईशान्येकडील राज्यांपुरता मर्यादित आहे. भीमा आणि घोड नद्यांच्या खोऱ्यात मोल सापडण्याचा प्रश्नच येत नाही.

फरक केवळ नावाचा नाही, आहाराचा आहे. मोल धान्य खात नाही. गांडुळे आणि जमिनीतल्या अळ्या हे त्याचे अन्न. म्हणूनच परदेशातील सल्ल्यांत ‘लॉनमधील अळ्या मारा, मोल निघून जाईल’ असे सांगितलेले असते. आपल्याकडे ढीग करणारा प्राणी धान्य, कंद, मुळे आणि खरकटे खातो. लॉनवर कीटकनाशक ओतून त्याचे काही बिघडत नाही. मरतात ती गांडुळे, म्हणजे हिरवळीखालची माती भुसभुशीत ठेवणारे फुकटचे मजूर.

मोलचे भाषांतर अनेकदा ‘चिचुंद्री’ असे केले जाते. त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. चिचुंद्री मोलची लांबची नातेवाईक आहे, ती कीटकही खाते. पण लॉनखाली बोगद्यांचे जाळे विणून ढीग उभारणे हे तिचे काम नव्हे.

मग ढीग नेमके कोण करते?

बहुतेक वेळा घूस. आपण ज्यांना सरसकट घूस म्हणतो त्या दोन जाती आहेत. मोठी घूस वजनाने किलोभराच्या आसपास जाऊ शकते. ती गटारे, उकिरडे, जुन्या भिंती आणि गोदामांच्या आसपास राहते. लहान घूस साधारण २०० ते ३५० ग्रॅमची, शेतात आणि वस्तीत दोन्हीकडे राहणारी. धान्य, ऊस आणि भुईमुगाचे मोठे नुकसान करणारी म्हणून ती शेतकऱ्यांना चांगली परिचित आहे. इंग्रजीत घुशीला ‘बँडिकूट’ म्हणतात. हा शब्द तेलुगूतील ‘पंदि-कोक्कु’ म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ यावरून गेला. डिवचल्यावर केस फुलवून डुकरासारखी गुरगुरणारी घूस ज्याने पाहिली असेल त्याला हे नाव पटेल.

लहान घुशीची एक सवय उपायाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती बिळाचे तोंड आतून भुसभुशीत मातीने बंद करते. त्यामुळे हिरवळीवर भोक न दिसता फक्त मातीचा ढीग दिसतो आणि पाहणाऱ्याला ते ‘मोल’चेच काम वाटते. दुसरे म्हणजे तिच्या एका बिळात सहसा एकच प्रौढ प्राणी राहतो. पिले असतील तेवढा काळ आई आणि पिले. मात्र त्या एका बिळाला अनेक तोंडे असतात. अंगणात दहा ढीग दिसले म्हणजे दहा घुशी झाल्या असे नाही; कदाचित एकच असेल. घाबरून दहापट विष आणण्याची गरज नसते ती यामुळे.

तरी घाई का करावी लागते? घुशीचा गर्भकाळ तीन आठवड्यांच्या थोडा पुढे असतो आणि एका वेताला सहा ते आठ पिले सहज होतात. एका घुशीची दुर्लक्षित राहिलेली तक्रार हंगाम संपेपर्यंत सगळ्या गल्लीची होते.

ओळखायचे कसे?

ढीग पाहूनच बराचसा उलगडा होतो.

भिंत, झाडाचे बुंधे, पाण्याची टाकी किंवा पेव्हर ब्लॉकच्या कडेला ओंजळभर ते घमेलेभर भुसभुशीत माती, आसपास आणखी दोन-चार ढीग, मधली जमीन पायाखाली दबणारी : ही घूस. मोठ्या घुशीच्या बिळाचे तोंड मुठीएवढे किंवा त्याहून मोठे आणि बऱ्याचदा उघडे असते.

मातीचा ढीग नाही, दोन-तीन बोटे जातील एवढी स्वच्छ उघडी भोके, बांधाच्या किंवा कुंपणाच्या बाजूने : हे शेतातील उंदीर. मऊ केसांचा उंदीर आणि शेपटीच्या टोकाला झुपका असलेला उंदीर हे कोरडवाहू भागात नेहमी आढळणारे.

हिरवळीवर शेवयांसारख्या वळलेल्या मातीच्या बारीक गोळ्या : ही गांडुळांची विष्ठा. ते जमीन चांगली असल्याचे लक्षण. काहीही करू नका.

गवत जागोजाग पिवळे पडते, ओढले की चटईसारखे मुळांपासून सुटून हातात येते आणि त्या ठिकाणी मैना, बगळे चोची मारताना दिसतात : ही हुमणी. ऊस उत्पादकांना वेगळे सांगायला नको. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात आणि पुढे त्यांच्या अळ्या मुळे खातात. इथे घुशीचा पिंजरा लावून उपयोग नाही.

भिंतीच्या कडेने धावणारा, लांब टोकदार नाकाचा, ‘चिक्-चिक्’ आवाज करणारा आणि उग्र वास सोडणारा लहान प्राणी : ही चिचुंद्री. ती झुरळे आणि किडे खाते. घरात येऊ नये म्हणून फटी बुजवाव्यात, पण बागेतील चिचुंद्री मारण्याचे कारण नाही.

रात्रीतून मोठा पट्टा नांगरल्यासारखा उलटापालटा झाला असेल तर ते काम डुकरांचे. उत्तर कुंपणात आहे, औषधात नाही.

शिरूर-दौंडमधील परिस्थिती घुशींना पोषक का?

हा पर्जन्यछायेचा प्रदेश. निसर्गाच्या हिशेबाने उन्हाळ्यात इथली जमीन टणक व्हायला हवी. पण मुठा उजवा कालवा, भीमा-घोड नद्यांचे पाणी आणि विहिरी-बोअर यांमुळे दौंडच्या मोठ्या पट्ट्यात आणि शिरूरच्या बागायती गावांत बारमाही ऊस उभा राहिला. सुरू ऊस वर्षभर, तर आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत शेतात असतो. इतका काळ न हललेले दाट आच्छादन, ओली माती आणि गोड खाद्य घुशीला दुसरे कोणते पीक देत नाही.

दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि फडच्या फड मोकळे होऊ लागतात. आसरा गेलेले उंदीर-घुशी जवळच्या ओल्या, मऊ जमिनीकडे सरकतात. रोज पाणी दिली जाणारी हिरवळ नेमकी तशीच असते. दौंड शहराभोवतीच्या वसाहती, कुरकुंभ आणि रांजणगाव औद्योगिक क्षेत्रांलगतची नवी घरे यांतील कित्येक भूखंड काल-परवापर्यंत शेतच होते. घूस आपल्या अंगणात आली असे आपण म्हणतो. कित्येकदा अंगणच तिच्या बांधावर आलेले असते.

खाद्याची सोय आपण करतो. पंगतीनंतर उघड्यावर टाकलेले खरकटे, कबुतरांना घातलेले दाणे, कुत्र्यासाठी रात्रभर ठेवलेली भाकरी, कोंबड्यांचे खाद्य, न उचललेला कचरा. लग्नसराईत लॉन्सच्या मागच्या बाजूला जे साठते त्यावर घुशींची एक वसाहत आरामात जगते.

नुकसान फक्त हिरवळीचेच होते का?

तसे असते तर हा विषय माळ्यापुरता राहिला असता. घूस पोखरते ती माती कशाला तरी आधार देत असते. कुंपणाची भिंत, पायऱ्या, भूमिगत टाकी, सेप्टिक टँक, वीज आणि इंटरनेटच्या केबल यांच्याखालची पोकळी पावसाळ्यात पाणी शिरले की खचते.

मोठ्या प्रमाणावर हे काय रूप घेऊ शकते याची चर्चा पुणे जिल्ह्याने अनुभवली आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पूल परिसरात मुठा उजवा कालवा फुटला आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरून शेकडो संसार उघड्यावर आले. हाच कालवा पुढे दौंड-इंदापूरला पाणी देतो. तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरल्याचे कारण सांगितले. त्यावर टीका आणि थट्टाही झाली, आणि ती रास्त होती : घुशी बिळे करतात हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तर भरावाची नियमित पाहणी आणि देखभाल करायची असते. हाच न्याय घराच्या कुंपणालाही लागू पडतो.

आरोग्याचा धोका त्याहून गंभीर आहे. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत या आजाराने अनेकांचे बळी घेतले होते. घुशींचा वावर असलेल्या ओल्या हिरवळीवर मुलांना अनवाणी खेळू देऊ नये. बागकाम केल्यानंतर काही दिवसांत ताप, तीव्र अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना मातीशी आलेला संबंध आवर्जून सांगावा.

प्लेगची आठवणही महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आलेल्या साथीत ‘उंदीर पडू लागले’ हाच गाव सोडण्याचा इशारा असे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात पुन्हा प्लेगची चर्चा झाली. आज घाबरण्याचे कारण नाही. पण विष न घालता एकाच ठिकाणी अनेक उंदीर मेलेले आढळले तर ते न हाताळता आरोग्य विभागाला कळवणे हा शहाणपणा त्या इतिहासातून आलेला आहे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे शरीर शोधतात.

तिसरा धोका सापांचा. उंदरांमागे साप येतो आणि रिकाम्या बिळात मुक्काम करतो. नाग आणि घोणस उसाच्या पट्ट्यात नेहमीचे. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज एका व्यापक अभ्यासातून पुढे आला. बिळात हात घालणे किंवा अनवाणी पायाने ढीग विस्कटणे, या सवयी म्हणून मोडायला हव्यात.

पहिली पायरी कोणती?

विष किंवा पिंजरा नव्हे, मोजणी. संध्याकाळी सगळे ढीग सपाट करून सगळी भोके ओल्या मातीने बंद करावीत आणि प्रत्येकाशेजारी काडी रोवावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जिथे माती पुन्हा उकरलेली दिसेल ते ‘जिवंत बीळ’. उंदीर नियंत्रणात कृषी विभाग शेतकऱ्यांना हीच पद्धत सांगतो. उपाय फक्त जिवंत बिळांवर करायचा. यामुळे खर्च आणि विषाचे प्रमाण दोन्ही कमी होते. उपायानंतर पुन्हा हीच मोजणी केली की किती यश आले हेही कळते.

त्याच आठवड्यात खाद्य तोडावे. कचऱ्याला घट्ट झाकणाचे डबे, खरकटे रात्री बाहेर नाही, पाळीव प्राण्यांची भांडी सूर्यास्तापूर्वी आत, दाणे घालणे बंद. भिंतीलगत रचलेले सरपण, विटा, पाचट आणि बांधकामाचा राडारोडा हलवावा. कुंपणाच्या आतून हातभर पट्टा गवत-झुडुपांविना मोकळा ठेवावा; उघड्यावरून जाणे घुशीला आवडत नाही. हिरवळीला गरजेपुरतेच पाणी द्यावे. सतत चिखल असलेली माती खणायला सोपी जाते.

शिरूर तालुक्यात आणि दौंडच्या नदीकाठच्या गावांत या स्वच्छतेला आणखी एक कारण आहे. उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे उसातला बिबट्या वस्तीपर्यंत येतो. कचरा आवरला की दोन्हीची वाट अवघड होते. पिंजरे लावणे-पाहणे ही कामे उजेडातच करावीत ती यामुळे.

पिंजरे आणि चाप कितपत उपयोगी?

चार-पाच जिवंत बिळे असलेल्या अंगणासाठी पिंजरा हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. घुशीसाठी उंदराचा छोटा पिंजरा चालत नाही. मजबूत जाळीचा मोठा पिंजरा लागतो. तो उघड्या लॉनच्या मधोमध नव्हे तर भिंतीला लागून, ताज्या ढिगाजवळ ठेवावा. तेल लावलेली भाकरी, भजे, सुकट, खोबरे किंवा भाजलेले शेंगदाणे आमिष म्हणून चालतात.

नवी वस्तू दिसली की उंदीरवर्गीय प्राणी सावध होतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पिंजरा न अडकवता, दार उघडे ठेवून आत खाद्य ठेवावे. ते निर्धास्तपणे खाल्ले जाऊ लागले की मग दार अडकवावे. बहुतेकांचा पिंजरा ‘चालत नाही’ तो हे दोन दिवस न थांबल्यामुळे. चाप लावायचा तर तो उलट्या खोक्याखाली किंवा पाइपमध्ये ठेवावा, म्हणजे मुले, मांजरे आणि पक्षी सापडणार नाहीत. चिकट पट्ट्या उघड्यावर वापरू नयेत. त्यांत सरडे, पक्षी, सापही चिकटतात आणि तडफडून मरतात.

पकडलेली घूस शेजारच्या रानात सोडणे म्हणजे तक्रार दुसऱ्याच्या दारात नेणे. नगरपालिकेचा आरोग्य विभाग किंवा परवानाधारक पेस्ट कंट्रोल सेवेमार्फत तिची विल्हेवाट लावावी. पिंजऱ्यावर उकळते पाणी ओतणे, जाळणे हे प्रकार क्रूर आहेतच, शिवाय चावा आणि संसर्गाचा धोका वाढवणारे आहेत. प्रत्येक वेळी रबरी हातमोजे वापरावेत. मेलेला प्राणी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

विष वापरावे का? वापरायचे तर कोणते?

शेतासाठी सांगितले जाणारे आणि घराच्या अंगणात चालणारे विष यांत फरक करायला हवा. शेतात झिंक फॉस्फाइड वापरले जाते. भरडलेल्या धान्यात खाद्यतेल आणि सुमारे दोन टक्के विष मिसळून आमिष तयार करतात. ते पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन वायू तयार करते आणि काही तासांत मृत्यू ओढवतो. त्यावर उतारा नाही. शिवाय थोडेसे खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही आणि उरलेले आमिष तसेच पडून राहते. मुले, कुत्री, कोंबड्या वावरतात त्या लॉनवर हे विष नको.

तुलनेने कमी जोखमीचा पर्याय म्हणजे ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनचे तयार आमिष. ते रक्त गोठण्याची क्रिया थांबवते आणि प्राणी तीन ते दहा दिवसांत मरतो. परिणाम उशिरा होत असल्याने बाकीचे सावध होत नाहीत. यावर ‘के-१’ जीवनसत्त्व हा उतारा उपलब्ध आहे. कमी जोखीम म्हणजे शून्य जोखीम नव्हे. आमिष कागदाच्या पुडीत बांधून जिवंत बिळात आतपर्यंत सरकवावे आणि तोंड मातीने बंद करावे, किंवा कुलूपबंद आमिषपेटीत ठेवावे. हिरवळीवर पसरू नये. वेष्टनावरील प्रमाण पाळावे, सुटे किंवा लेबल नसलेले विष कधीही घेऊ नये. दोन आठवडे रोज मेलेले प्राणी शोधून उचलावेत. ते घुबडाने, मांजराने खाल्ले तर विष त्यांच्या पोटात जाते.

चुकून कोणी विष खाल्ले तर दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नये, उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. विषाचे पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे, रुग्णवाहिकेसाठी १०८. ब्रोमॅडिओलोनची लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. मूल खेळताना दिसले म्हणून धोका टळला असे समजू नये.

बिळात ‘गॅसची गोळी’ टाकणे का घातक?

गावाकडे धान्याच्या कणगीत ठेवल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ओलाव्याशी संपर्क येताच त्यातून फॉस्फिन हा अतिविषारी वायू सुटतो. बिळात गोळी टाकली, तोंड बुजवले, काम झाले, असा सल्ला सहज दिला जातो. घराजवळच्या लॉनवर हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो.

फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या लेटन शहरात नेमके हेच घडले. लॉन पोखरणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यांसाठी व्यावसायिक कर्मचाऱ्याने घरालगतच्या बिळांत फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या. वायू जमिनीतून घरात शिरला आणि चार वर्षांची व १५ महिन्यांची अशा दोन बहिणींचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी परिसरातील बिळांत या गोळ्या वापरण्यास मनाई केली आणि इतरत्रही इमारतींपासून १०० फुटांचे, म्हणजे सुमारे ३० मीटरचे अंतर बंधनकारक केले.

घुशीचे बीळ कित्येक मीटर लांब असते आणि त्याचे एक तोंड जोत्याखाली, फरशीच्या फटीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उघडत असू शकते. वायू कोणत्या वाटेने जाईल हे वरून कळत नाही. भारतातही ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या वापरावर निर्बंध आहेत. ते सरकारी यंत्रणा आणि पेस्ट कंट्रोल चालकांनी मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायचे आहे. तीन ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर बंदीच आहे. तरीही दुकानदार सुट्या गोळ्या देत असेल तर त्या घेऊ नयेत. पेस्ट कंट्रोलवाल्याने घराजवळच्या बिळात गोळी टाकण्याचा प्रस्ताव दिला तर नकार द्यावा.

कंपन यंत्रे, एरंडेल, फिनेल यांचे काय?

जमिनीत खोचण्याची ‘सोनिक’ काठी आणि भिंतीवरचे अल्ट्रासॉनिक यंत्र ऑनलाइन भरपूर विकले जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या ६० हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, अशी ताकीद दिली होती. आवाजाची सवय होते आणि माती तो फार दूर जाऊ देत नाही.

एरंडेल तेलाचा उपाय परदेशात मोलसाठी वापरला जातो. घुशीवर त्याचा भरवसा नाही. लसूण, डांबरगोळ्या, मिरचीची धुरी यांनी प्राणी फार तर एक तोंड सोडून दुसऱ्या तोंडाने बाहेर येतो. डिझेल, रॉकेल, फिनेल किंवा ॲसिड बिळात ओतणे तर सरळ नुकसानीचे : हिरवळ जळते, आग लागू शकते आणि जवळच्या बोअरचे पाणी दूषित होते. बिळात पाणी सोडण्याचा उपाय शेतात केला जातो. पण घूस उत्तम पोहते आणि जोत्यालगत पाणी मुरवणे पायासाठी वाईट.

घुबड आणि साप मदत करू शकतात का?

नक्कीच. गव्हाणी घुबड, पिंगळा, धामण, मुंगूस हे उंदरांवर जगणारे प्राणी या भागात आहेत. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून शेतांत गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावण्याचा मोठा कार्यक्रम चालला आणि पुढे जॉर्डनही त्यात सहभागी झाला. आपल्याकडे शेतात इंग्रजी ‘टी’ आकाराचे पक्षीथांबे लावण्याची शिफारस केली जाते. गृहसंस्थेने जुनी झाडे राखली, रात्री बागेतले प्रखर दिवे कमी केले आणि विषाचा वापर आटोक्यात ठेवला तर घुबडे टिकतात. अपशकुनी म्हणून त्यांना हुसकावणे म्हणजे फुकटचा पहारेकरी घालवणे.

हे सर्व प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. साप दिसला तर मारू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा सर्पमित्राला कळवावे. मांजरावर मात्र फार भिस्त ठेवू नये. पूर्ण वाढलेल्या मोठ्या घुशीसमोर कित्येक मांजरे माघार घेतात.

घुशी परत येऊ नयेत यासाठी काय करावे?

बिळे रिकामी झाल्याची खात्री पटल्यावर ती खणून मोकळी करावीत, मुरूम आणि बारीक खडी घालून दाबून भरावीत आणि वर मातीचा थर देऊन हरळी लावावी. केवळ वरून माती टाकली तर पोकळी खाली तशीच राहते आणि नव्या घुशीला तयार घर मिळते.

कुंपणाच्या आणि जोत्याच्या कडेने अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश जाळी दीड ते दोन फूट खोल पुरावी आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला ‘एल’ आकारात वळवावी. खणत आलेला प्राणी त्या आडव्या पट्टीवर अडतो. नवे लॉन करताना हे काम स्वस्तात होते, नंतर महाग पडते. दारांखालच्या फटी सहा मिलिमीटरपेक्षा कमी असाव्यात. ड्रेनेजच्या चेंबरना झाकणे आणि पाइपांना जाळ्या हव्यात.

एकट्याने केलेले काम मात्र टिकत नाही. एका बंगल्यातल्या घुशी गेल्या की शेजारच्या त्या मोकळ्या जागेत येतात. गृहसंस्थेने, गल्लीने आणि जमल्यास लगतच्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी. पहिली वेळ मे-जूनमध्ये, पावसापूर्वी; तेव्हा खाद्य कमी असते, त्यामुळे आमिष चांगले स्वीकारले जाते. दुसरी वेळ परिसरातील ऊस तुटल्यानंतर लगेच. मधल्या काळात महिन्यातून एकदा काड्या रोवून जिवंत बिळांची मोजणी पुरते.

सल्ल्यासाठी बारामती आणि नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे, तालुका कृषी कार्यालय आणि नगरपालिकेचा आरोग्य विभाग आहेत. पेस्ट कंट्रोल सेवा बोलवायची तर तीन गोष्टी आधी विचाराव्यात : परवाना आहे का, कोणते औषध आणि किती वापरणार, आणि उपायानंतर मेलेले प्राणी कोण उचलणार. या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय काम देऊ नये. औषधाचे नाव सांगायला टाळाटाळ करणाऱ्याला तर अंगणात पाऊलही ठेवू देऊ नये.